इव्हान विल्यम्सने काय सोडलं आणि काय धरून ठेवलं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तिघा मित्रांनी छोट्या दुकानदारांसाठी हिशेब आणि मालसाठा सांभाळणारं ॲप काढलं. दीड वर्ष झालं. मालसाठ्याचा भाग दुकानदार उघडूनही बघत नाहीत. गिऱ्हाइकाला उधारीची आठवण करून देणारा मेसेज पाठवायची सोय तुम्ही जाता जाता केली होती, तेवढी मात्र रोज वापरतात. तुमचे सल्लागार म्हणतात, "ट्विटर असंच जन्मलं. इव्हान विल्यम्सने पॉडकास्टची कंपनी सोडून दिली, तुम्हीही बाकीचं सोडा." हे उदाहरण तुम्हाला खरंच लागू पडतं का आणि गुंतवणूकदारांच्या पैशाचं काय करायचं, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय. तुमच्यातला एक जण मालसाठ्याचं काम पूर्ण करू म्हणतो आणि तिसरा मित्र बाहेर पडायचं म्हणतोय, असंही तुम्ही लिहिलंय.

मी बावीस वर्षं सॉफ्टवेअर प्रॉडक्टच्या कामात आहे. मोठी दिशा बदलण्याचा निर्णय दोनदा माझ्या हातात होता. एकदा तो बरोबर आला, एकदा सपशेल चुकला. विल्यम्स हा ट्विटरच्या संस्थापकांपैकी एक; त्याची वाटचाल मी ब्लॉगर या त्याच्या आधीच्या ब्लॉग लिहायच्या सेवेच्या दिवसांपासून बघत आलो आहे. उदाहरण लागू पडतं, पण सल्लागार त्यातून जे काढतायत ते त्यात नाही. "सगळं सोडलं आणि नशीब उघडलं" असं विल्यम्सचं कधीच झालं नाही. त्याने दर वेळी एक गोष्ट घट्ट धरली आणि बाकीचं सोडलं. तुम्ही काय धरणार हे ठरवल्याशिवाय काय सोडायचं ते ठरवू नका.

विल्यम्स नेब्रास्का राज्यातल्या क्लार्क्स नावाच्या लहानशा गावचा, शेतकरी घरातला. जन्म १९७२ चा. विद्यापीठात दीडेक वर्ष काढून त्याने शिक्षण सोडलं. गावाकडेच त्याने एक-दोन छोटे उद्योग करून पाहिले; त्यात राज्याच्या लाडक्या फुटबॉल संघाच्या चाहत्यांसाठी काढलेली एक सीडी होती. ते काही चाललं नाही. मग तो कॅलिफोर्नियात सेबास्टोपोलला ओ'रायली या तांत्रिक पुस्तकांच्या प्रकाशन कंपनीत आला. सुरुवात मार्केटिंगच्या कामाने झाली, प्रोग्रॅमिंग त्याने स्वतःच शिकून घेतलं. हा भाग मी भराभर सांगतोय, कारण पुढच्या गोष्टीसाठी त्यातलं एवढंच महत्त्वाचं आहे की संगणकशास्त्राची पदवी घेऊन कल्पनांची वही भरून आलेला हा माणूस नव्हता.

१९९९ च्या सुरुवातीला त्याने मेग हूरिहनबरोबर पायरा लॅब्ज सुरू केली. त्यांना बनवायचं होतं प्रकल्प-व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर: कामांच्या याद्या, नोंदी, कोणाकडे काय आहे, सगळं ब्राउझरमध्ये. पॉल बॉश तिसरा. आपसातल्या नोंदींसाठी त्यांनी एक साधी आतली सोय केली होती. चौकोनात लिहायचं, बटण दाबायचं, नोंद तारखेनुसार वर येऊन बसायची. तेच तंत्र वापरून ऑगस्ट १९९९ मध्ये त्यांनी ब्लॉगर लोकांसाठी खुलं केलं. हूरिहन तेव्हा सुट्टीवर होती आणि मुख्य कामापासून लक्ष ढळेल ही तिची काळजी होती. ती काळजी रास्त होती, हे लक्षात ठेवा. तुमच्या टीममध्ये जो मित्र आज "मालसाठ्याचं काम पूर्ण करू" म्हणतोय, तो आडमुठा आहे असं समजू नका.

ब्लॉगरने नक्की काय सोपं केलं? त्या काळी स्वतःचं पान चालवायचं म्हणजे एचटीएमएलची (वेबपानं ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिची) फाइल उघडायची, नवा मजकूर सर्वांत वर घालायचा, जुना खाली सरकवायचा, आणि एफटीपी या फाइल पाठवायच्या पद्धतीने ती आपल्या सर्व्हरवर चढवायची. ब्लॉगरने हे सगळं एका चौकोनामागे लपवलं. तुम्ही लिहायचं; ब्लॉगर तो मजकूर तुमच्या साच्यात बसवून, स्थिर पान तयार करून, एफटीपीने तुमच्याच सर्व्हरवर पाठवायचा. सुरुवातीला पानं ठेवायची जागाही ब्लॉगरची नव्हती. ती जागा देणारी ब्लॉगस्पॉटची सोय २००० मध्ये आली. त्या सॉफ्टवेअरने फार काही केलं नाही, मधल्या चार पायऱ्या काढून टाकल्या. विल्यम्सने पुढे अनेक वर्षांनी एका भाषणात आपली समजूत साधारण अशीच मांडली: माणसाची जुनी इच्छा शोधा आणि ती पुरी होण्याच्या वाटेतल्या पायऱ्या कमी करा.

पुढे आपल्याकडच्या हजारो मराठी ब्लॉगांनी याच ब्लॉगस्पॉटवर घर केलं. युनिकोड (सगळ्या संगणकांवर देवनागरी सारखीच दिसेल अशी अक्षरांची पद्धत) रुळल्यावर कविता, पाककृती, ट्रेकची वर्णनं, परदेशातल्या दिवाळीच्या आठवणी असं बरंच काही तिथे आलं. छापील मासिकाच्या संपादकाकडे हस्तलिखित पाठवून वाट बघण्याची गरज न उरलेली आपली ती पहिली पिढी. मी स्वतः तिथे लिहायला शिकलो, म्हणून या माणसाविषयी मला थोडी कृतज्ञता आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आता २००१. डॉट-कॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा फुगा फुटला होता. पायराने उभे केलेले सुमारे ५ लाख डॉलर संपले. सर्व्हर वापराच्या ओझ्याखाली दबत होते, तेव्हा वापरणाऱ्यांकडेच मदत मागितली आणि लोकांनी १० हजार डॉलरहून अधिक रक्कम दिली. पगाराला मात्र पैसे नव्हते. जानेवारी संपताना हूरिहनसह सगळे गेले आणि विल्यम्स एकटा उरला. हे सोबती पळून गेले असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पगार नसताना माणसं काही काळ राहिली होती, आणि मैत्री त्यात होरपळली. एप्रिलमध्ये ट्रेलिक्स कंपनीच्या डॅन ब्रिकलिनने ब्लॉगरचं तंत्रज्ञान परवान्यावर घेण्याचा करार केला. हा ब्रिकलिन म्हणजे व्हिझिकॅल्क या पहिल्या गाजलेल्या स्प्रेडशीटचा एक जनक. त्या कराराने दिवे चालू राहिले.

पुढच्या पावलाबद्दल कोणी बोलत नाही, आणि तुमच्यासाठी तेच सर्वांत कामाचं आहे. २००२ च्या सुरुवातीला विल्यम्सने ब्लॉगर प्रो काढलं, वर्षाला ३५ डॉलर. लोकांनी ते घेतलं. म्हणजे कंपनी जगली ती हट्टावर नाही. हट्टाने वर्षभर श्वास चालू ठेवला आणि मग गिऱ्हाइकाने पैसे दिले. फेब्रुवारी २००३ मध्ये गूगलने पायरा विकत घेतली तेव्हा नोंदणी केलेले वापरकर्ते दहा लाखांवर होते आणि माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. गूगलने प्रोच्या सोयी सगळ्यांना फुकट केल्या आणि आधी पैसे भरलेल्यांना आभार म्हणून ब्लॉगरचा स्वेटशर्ट पाठवला.

ऑक्टोबर २००४ मध्ये, गूगलचे शेअर बाजारात आल्यानंतर दोनच महिन्यांनी, तो बाहेर पडला. त्याचा शेजारी नोआ ग्लास फोनवरून बोलून ब्लॉगवर आवाज चढवायची सेवा चालवत होता. त्यातून ओडिओ ही पॉडकास्टची कंपनी उभी राहिली. चार्ल्स रिव्हर व्हेंचर्स या गुंतवणूक कंपनीकडून ५० लाख डॉलर आले, वर्तमानपत्रांत नाव झालं. आणि जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्स या आपल्या गाणी ऐकायच्या सॉफ्टवेअरमध्येच पॉडकास्ट घालून टाकले. ज्याच्या खिशात आयपॉड आहे त्याला ओडिओ कशाला लागणार?

ओडिओला ॲपलने मारलं, असं सल्लागार सांगतात. ॲपलचा धक्का मोठा होताच. पण विल्यम्सने नंतर स्वतःच कबूल केलं की ते लोक जे बनवत होते ते स्वतः फारसं वापरत नव्हते. ब्लॉगर त्याने आधी स्वतःसाठी केलं होतं. ओडिओ बाजार दिसला म्हणून. माझ्या मते त्याच्या साऱ्या वाटचालीत हाच एक टप्पा असा आहे जिथे त्याने आपला मूळ प्रश्न सोडला, आणि तिथेच तो अडखळला.

मग २००६ च्या सुरुवातीला ओडिओत छोट्या गटांना नव्या कल्पना करून बघायला सांगितलं. तिथला इंजिनिअर जॅक डॉर्सी याच्या डोक्यात "मी आत्ता काय करतोय" हे मित्रांना कळवण्याची कल्पना होती. ग्लास, बिझ स्टोन आणि फ्लोरियन वेबर यांच्यासह तिला आकार आला. २१ मार्च २००६ ला पहिला संदेश गेला, जुलैत सेवा लोकांसाठी खुली झाली. कल्पना विल्यम्सची नव्हती. त्याने ती ओळखली. ब्लॉगर ज्याने केलं त्याला या चौकोनात आपलीच जुनी गोष्ट आणखी आखूड होऊन आलेली दिसली: चौकोन, बटण, तारखेनुसार नोंदी. सल्लागारांना ट्विटर ही उडी वाटते. विल्यम्ससाठी ती घरवापसी होती.

१४० अक्षरांची मर्यादाही इथे बघण्यासारखी आहे. एसएमएस १६० अक्षरांचा. त्यातली २० नावासाठी राखली, उरली १४०. हे गणित रोमन लिपीचं. देवनागरी एसएमएस युनिकोडमध्ये जातो आणि तिथे मर्यादा ७० वर येते. शिवाय प्रत्येक काना, वेलांटी, मात्रा वेगळी मोजली जाते. 'मराठी' हा आपल्याला तीन अक्षरी वाटणारा शब्द तिथे ५ जागा घेतो. तुमचा उधारीचा मेसेज एसएमएसने जात असेल तर तुमच्या खर्चाचं गणित हेच आहे. दुकानाचं नाव, गिऱ्हाइकाचं नाव, रक्कम आणि "कृपया" एवढ्यात ७० संपतात, आणि एकाऐवजी दोन मेसेजचे पैसे लागतात. आधी हे तपासा.

मार्च २००७ मध्ये अमेरिकेत ऑस्टिनला भरणाऱ्या साउथ बाय साउथवेस्ट या संगीत-तंत्रज्ञानाच्या मेळाव्यात त्यांनी सभागृहांबाहेर मोठे पडदे लावून ट्वीट दाखवले. दिवसाचे २० हजार संदेश ६० हजारांवर गेले. नंतरचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगतो.

पहिली. ऑक्टोबर २००८ मध्ये डॉर्सी जाऊन विल्यम्स सीईओ झाला. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्विटरने चौकोनावरचा प्रश्न बदलला. "तुम्ही काय करताय?" जाऊन "काय घडतंय?" आलं. दोन शब्दांचा फरक, पण उत्पादन बदललं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वतःबद्दल असतं, दुसऱ्याचं जगाबद्दल. सेवेला बातमीचं वळण देण्यात माझ्या मते या एका ओळीचा वाटा फार मोठा आहे. तुमच्या ॲपमध्ये पहिल्या पडद्यावर आज काय लिहिलंय? "मालसाठा भरा"? ते बदलून "कोणाकडून किती यायचेत?" असं करून पाहा. कोडची एक ओळही न टाकता तुम्हाला महिन्याभरात कळेल की दुकानदार नक्की कशासाठी येतो.

दुसरी गोष्ट पैशाची. २००६ मध्ये सुरू झालेल्या ट्विटरने जाहिराती घ्यायला सुरुवात केली ती एप्रिल २०१० मध्ये. मधल्या काळात, २००९ च्या सप्टेंबरमध्ये, १०० कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर १० कोटी डॉलर उभे राहिले होते. ऑक्टोबर २०१० मध्ये विल्यम्सने सीईओपद डिक कोस्टोलोकडे दिलं, तेव्हा त्याने सांगितलेले आकडे असे: दोन वर्षांत माणसं २० वरून ३००, दिवसाचे ट्वीट साडेबारा लाखांवरून सरासरी ९ कोटी. नोव्हेंबर २०१३ मध्ये ट्विटरचा शेअर २६ डॉलरने बाजारात आला आणि पहिल्या दिवशी ४४.९० वर बंद झाला. विल्यम्सकडे तेव्हा साधारण १२ टक्के हिस्सा होता. हे आकडे तुम्हाला भारावून टाकतील. पण जवळपास कमाईशिवाय चार वर्षं चालणं ही सिलिकॉन व्हॅलीच्या त्या काळातल्या भांडवलाची किमया होती. तुमच्यामागे ते भांडवल नाही. या बाबतीत त्याचं अनुकरण करू नका.

यातला त्याचा कच्चा दुवा मीडियममध्ये उघडा पडतो. ऑगस्ट २०१२ मध्ये त्याने मीडियम काढलं. पुन्हा तोच चौकोन, या वेळी लांब लेखांसाठी, आणि इतका देखणा की लिहिताना हात मोकळा व्हावा. धरलेली गोष्ट तीच होती. पण पैसे कोण देणार, हे दर दोन वर्षांनी बदललं. आधी स्वतःची मासिकं आणि संपादक. मग २०१६ मध्ये बाहेरच्या प्रकाशनांना बोलावून जाहिराती. मग जानेवारी २०१७ मध्ये जाहिरातीवर चालणारी माध्यमं मुळातच बिघडलेली आहेत असं जाहीर करून ५० जणांना, म्हणजे साधारण एक तृतीयांश लोकांना, कमी केलं. मार्चमध्ये महिना ५ डॉलरचं वाचक-सदस्यत्व आलं. ज्या छोट्या प्रकाशनांनी आपली संकेतस्थळं मीडियमवर हलवली होती, त्यांना हा बदल फार महागात पडला. बरीचशी निघून गेली. विल्यम्सची कळकळ खरी होती, याबद्दल मला शंका नाही. ट्विटरने सार्वजनिक बोलण्याचं काय केलं याची खंत त्याने उघडपणे बोलून दाखवली होती आणि चांगल्या लेखनाला पैसे मिळावेत हे त्याला मनापासून हवं होतं. पण दुसऱ्याचं पोट ज्यावर अवलंबून आहे ती गोष्ट दर दोन वर्षांनी बदलता येत नाही. जुलै २०२२ मध्ये तो सीईओपदावरून बाजूला झाला आणि टोनी स्टबलबाइन आला. हा एकेकाळी ओडिओतच इंजिनिअर होता. मीडियम नफ्यात आलं ते त्याच्या हाताखाली, २०२४ मध्ये, खर्च कठोरपणे कापून.

आता तुमच्याकडे वळतो.

तुमचा धरून ठेवायचा प्रश्न कोणता? मला तो "दुकानदाराचे पैसे कुठे अडकलेत" असा दिसतो. मालसाठा म्हणजे मालात अडकलेले पैसे, उधारी म्हणजे गिऱ्हाइकात अडकलेले. दुकानदाराला त्याच्या फळीवर काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. वहीत कोणाची किती बाकी आहे ते दिसत नाही, आणि तोंडाने मागायला संकोच वाटतो. तुमच्या मेसेजने तो संकोच दूर केला. म्हणून तुमच्या बाबतीत उधारीकडे वळणं हे सोडून देणं नाही, मुळाकडे जाणं आहे. ब्लॉगर हे पायरातून निघालं तसंच. हे पटलं तर वळा. पण उद्या कोणी "दुकानदारांचे फोन नंबर आहेत ना, मग कर्ज विका" म्हणालं, तर ते ओडिओसारखं होईल: बाजार दिसतोय म्हणून, तुमचा प्रश्न नसताना.

माझी चूक इथेच झाली होती. एका कंपनीत आम्ही शाळांसाठी हजेरीचं सॉफ्टवेअर करत होतो. पालकांना जाणारे मेसेज लोकप्रिय झाले, म्हणून आम्ही हजेरी टाकून नुसते मेसेज विकू लागलो. आठ महिन्यांत कळलं की पालक मेसेज वाचत होते ते हजेरीमुळे. नुसत्या मेसेजला कोणी पैसे देईना. तुमच्या आठवणीच्या मेसेजमध्ये रक्कम येते कुठून? हिशेबातून. तेव्हा मालसाठा खुशाल बंद करा, खतावणीला हात लावू नका.

दुसरं, पैसे आत्ताच मागा. रोज वापरणाऱ्या ३० दुकानदारांना पुढच्या महिन्यापासून अमुक रुपये लागतील असं समोर बसून सांगा. ब्लॉगर प्रोला ज्यांनी ३५ डॉलर दिले ते काही दया म्हणून देत नव्हते. त्यांचं लिहिणं त्यावर चाललं होतं. तुमचे किती जण देतात यावरून तुम्हाला कोणत्याही सल्लागारापेक्षा चांगलं उत्तर मिळेल.

राहिला गुंतवणूकदारांचा प्रश्न. ऑक्टोबर २००६ मध्ये विल्यम्सने ऑब्व्हियस कॉर्पोरेशन काढून ओडिओच्या गुंतवणूकदारांचे हिस्से विकत घेतले. त्यात ट्विटरही त्याच्याकडे आलं. पैसे परत मिळाले म्हणून तेव्हा सगळे खूश होते; पुढे त्याची किंमत काय झाली ते सगळ्यांनी पाहिलं. तो हे करू शकला कारण गूगलच्या व्यवहारातून स्वतःचा पैसा हातात होता. तुमच्याकडे तसा पैसा नाही. भारतात कंपनीने स्वतःच्या खात्यातून शेअर परत घेण्यावर कंपनी कायद्याची बंधनं आहेत: भरणा झालेलं भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या २५ टक्क्यांपर्यंतच, आणि तोट्यातल्या कंपनीला ते बहुधा जमतच नाही. तेव्हा "पैसे परत करून मोकळे होऊ" हा पर्याय तुम्हाला जवळपास नाहीच. गुंतवणूकदारांना लेखी कळवा: काय बंद करतोय, काय ठेवतोय, किती महिन्यांचा खर्च हातात आहे. देवदूत गुंतवणूकदार, म्हणजे सुरुवातीलाच स्वतःचा पैसा घालणारे, बदलाला घाबरत नाहीत. बदल बाहेरून कळला तर मात्र बिथरतात.

आणि तिसऱ्या मित्राबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, पण मला तीच सर्वांत जास्त खुपली. नोआ ग्लासने ओडिओत ट्विटरसाठी जीव ओतला होता. 'ट्विटर' हे नाव शोधण्यातही त्याचा हात होता. २००६ मध्येच तो बाहेर गेला आणि पुढे कित्येक वर्षं त्याचं नावही कोणी घेतलं नाही. दिशा बदलते तेव्हा कागदावर नसलेलं श्रेय सर्वांत आधी नाहीसं होतं. तुमच्यातला उधारीचा मेसेज लिहिला कोणी? तोच असेल, तर कामाच्या वाटणीबद्दल बोलण्याआधी तिघांनी बसून त्याचा हिस्सा, त्याचं वेस्टिंग (ठरलेले शेअर टप्प्याटप्प्याने त्याचे होणं) आणि त्याचं नाव कुठे राहील हे कागदावर लिहा, आणि त्यावर तिघांच्या सह्या झाल्याशिवाय मालसाठ्याचं बटण काढू नका.